पंचावन्न हजारांतला एक दाणा

ओटी भरताना बाईच्या पदरात पसाभर तांदूळ पडतात. त्यातला एक दाणा चिमटीत धरून पाहा. त्याचं वजन साधारण २० मिलिग्रॅम भरेल. सोनाराच्या जुन्या मापात गुंजेचा सहावा हिस्सा. दिवस भरलेल्या बाईचं गर्भाशय, म्हणजे बाळ, वार आणि पाणी वगळून नुसती पिशवी, १,००० ते १,१०० ग्रॅमची असते. तेवढ्या वजनात असे ५५,००० दाणे बसतात. बायोप्सीच्या जाड सुईने गर्भाशयाच्या स्नायूचा जो तुकडा निघतो, तो यातल्या एका दाण्याएवढा असतो. कळा मध्येच का थांबतात, बाळ वेळेआधी का येतं, बाळंतपणानंतर रक्त का थांबत नाही, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेला तेवढा एक दाणा पुरतो. पण मिळत नाही तो नेमका तेवढाच.

या अवयवाचे आकडे मी पहिल्यांदा एकत्र मांडले तेव्हा दोनदा तपासून पाहिले. एरवी ही पिशवी लहानशा पेरूएवढी, ६०-७० ग्रॅमची. आत पोकळी जवळजवळ नाहीच. फार तर १० मिलिलिटर मावतील. नऊ महिन्यांनी तिच्यात सरासरी ५ लिटर सामावलेले असतात, म्हणजे ५०० पट, आणि जुळं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. वजनाच्या भाषेत पाचसहा तोळ्यांची पिशवी नव्वद तोळ्यांच्या पुढे जाते. ही वाढ मुख्यतः नव्या पेशींची भर पडून होत नाही. आहेत त्याच पेशी ताणल्या जातात आणि जाड होतात. स्नायूची एक पेशी एरवी मिलिमीटरचा विसावा भाग लांब, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. दिवस भरल्यावर तीच पेशी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचते. बारीक नजरेच्या माणसाला जवळजवळ दिसावी एवढी.

बाळंतपणानंतर हे सगळं उलट फिरतं. किलोभराची पिशवी आठवड्याभरात निम्मी होते, दोन आठवड्यांत ३०० ग्रॅमवर येते आणि पुढच्या काही आठवड्यांत १०० ग्रॅमच्या खाली. पहिल्या आठवड्याचा हिशेब केला तर तासाला सुमारे ३ ग्रॅम घट. बाळंतीण झोपलेली असताना, शेक घेत असताना, बाळाला पाजत असताना तिच्या ओटीपोटात दर तासाला दीडशे तांदळांएवढा स्नायू विरघळत असतो.

आता पेशी किती, ते पाहू. हे गणित माझं आहे आणि ढोबळ आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयातली एक स्नायूपेशी अर्धा मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी जाड धरली, दोन्ही टोकांना निमुळती असते हे लक्षात घेतलं, आणि पिशवीतली निम्मी जागा रक्तवाहिन्यांना व तंतूंना सोडली, तर एका घन मिलिमीटरमध्ये २०,००० पेशी येतात. पूर्ण पिशवीत २,००० कोटी. जगाच्या लोकसंख्येच्या अडीच पट. या सगळ्यांनी एका वेळी आकसायचं, मिनिटभर धरून ठेवायचं, मग एकत्र सैल व्हायचं, आणि दोनतीन मिनिटांनी पुन्हा तेच. पहिलटकरणीच्या बाळंतपणात अशा दीडदोनशे कळा सहज होतात.

हृदयात ठोके सुरू करून देणारी एक ठरलेली जागा असते. गर्भाशयात तशी कायमची जागा अजून कोणाला सापडलेली नाही. मग २,००० कोटी पेशींना एकमेकींचं कळतं कसं? १९७७ मध्ये रॉबर्ट गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भाशयात दाखवून दिलं की प्रसूतीच्या वेळी शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक जोडमार्ग उघडतात, जे एरवी जवळजवळ नसतात. विजेचा इशारा त्यांतून एका पेशीतून दुसरीत सरकतो. पुढे माणसातही हेच दिसलं. दुसरी तयारी ऑक्सिटोसिनची. कळा आणणारं हे संप्रेरक फक्त ९ अमिनो आम्लांचं. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण संप्रेरक नुसतं रक्तात असून भागत नाही, ते धरणारे स्वीकारक पेशीवर असावे लागतात. जपानी संशोधक तदाशी किमुरा यांच्या गटाने १९९६ मध्ये मोजलं तेव्हा, हे स्वीकारक बनवण्याचा जनुकीय आदेश गरोदर नसलेल्या गर्भाशयाच्या तुलनेत प्रसूतीच्या वेळी सुमारे ३०० पट वाढलेला दिसला. म्हणून दुसऱ्या महिन्यात ज्या मात्रेला गर्भाशय दाद देत नाही, तीच मात्रा नवव्या महिन्यात जोरदार कळा आणते.

हे ३०० पट कळलं ते स्त्रियांच्या गर्भाशयाच्या छोट्या छोट्या तुकड्यांतून. रक्त तपासून ते कळलं नसतं आणि सोनोग्राफीवर दिसलं नसतं.

या स्नायूचं सगळ्यात मोठं काम मात्र बाळ बाहेर आल्यानंतर सुरू होतं. दिवस भरल्यावर गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. गरोदर बाईच्या अंगात एकूण रक्त सहा लिटरच्या आसपास. वार सुटते तेव्हा तिच्यामागच्या शंभरावर रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद झाली नाहीत तर दहा मिनिटांत अंगातलं सगळं रक्त वाहून जाईल, एवढा तो प्रवाह असतो. ती बंद कोण करतं? रक्ताची गुठळी नंतर येते. आधी स्नायूच आवळतो. त्याचे धागे उभे, आडवे, तिरपे असे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. वीण आवळली की वाहिन्या चिमटल्या जातात. सुईणी बाळंतिणीचं पोट चोळून पिशवी दगडासारखी घट्ट झाली का हे हाताने पाहायच्या, ते याचसाठी.

जेव्हा वीण आवळत नाही तेव्हा काय होतं, याचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होतो. सुमारे ७०,००० जणी दगावतात, म्हणजे दिवसाला १९०. दहातल्या सात वेळा तरी कारण एकच: स्नायू सैल राहिला. आणि तो वेळेआधीच आवळायला लागला तर? २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख भारतात.

अतिरक्तस्रावावर जगाने मोठमोठ्या चाचण्या केल्या, आणि त्या कराव्याच लागतात. बेळगाव जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या १,६२० बायकांवर पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. गोळी देणाऱ्या गावच्या नर्सबाई होत्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फ्रिजशिवाय टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची, १० देशांतल्या २९,६४५ स्त्रियांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांमधल्या २,१०,१३२ बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि रक्त लवकर मोजून सगळे उपाय एकदम सुरू केले की गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटतात हे दिसलं. एका बाजूला हे लाखांतले आकडे. दुसऱ्या बाजूला, स्नायूच्या एकेका पेशीतली जनुकं वाचणारे जे अभ्यास होतात, त्यांत सहभागी स्त्रियांची संख्या बहुधा दोन आकड्यांत राहते. औषध किती बायकांना लागू पडतं हे आपण दोन लाखांवर पाहतो. ते औषध ज्या स्नायूवर चालतं तो स्नायू मात्र दोनचार डझन जणींचाच ओळखतो.

का? तर तुकडा मिळण्याची वाट फार अरुंद आहे.

आजवरची मुख्य वाट सिझरची. बाळ बाहेर आलं, वार काढली, आता टाके घालायचे. या मधल्या मिनिटात सर्जन पिशवीच्या चिरेची वरची कड चिमट्याने उचलतो आणि कात्रीने सेंटिमीटरभराची एक पातळ पट्टी कापून घेतो. वेगळा छेद नाही, वेगळी भूल नाही. जी कड शिवायचीच होती, तिच्यातलीच एक फीत. पट्टी थंड क्षारद्रावणात पडते, बाटलीवर नावाऐवजी क्रमांक लागतो आणि ती बर्फावरून प्रयोगशाळेत जाते. टाके सुरू होतात. बाईला बाळ दाखवलं जात असतं.

प्रयोगशाळेत त्या पट्टीचे आणखी बारीक भाग करतात, एकदोन मिलिमीटर रुंदीचे. रेशमी धाग्याने दोन्ही टोकं बांधून ती फीत काचेच्या नळीत उभी टांगतात. खालचं टोक स्थिर, वरचं ओढ मोजणाऱ्या काट्याला. भोवती ३७ अंशाचं द्रावण, त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. सुरुवातीला काही होत नाही. पडद्यावर सरळ रेघ. मग तासा-दोन तासांनी रेघ जराशी उचलली जाते, चढते, थबकते आणि उतरते. काही मिनिटांनी पुन्हा. कोणी इशारा दिलेला नाही, नस जोडलेली नाही, शरीर मैलभर दूर आहे. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा स्नायू स्वतःहून कळा देऊ लागलेला असतो. त्या द्रावणात ऑक्सिटोसिनचा अंश पडला की चढ उंच होतात. अकाली कळा थांबवणारी, प्रसूतीनंतर पिशवी आवळणारी औषधं पारखली गेली ती अशाच फितींवर.

पण ही फीत पिशवीच्या खालच्या भागातली. सिझरचा छेद तिथे घेतात, कारण तिथली भिंत पातळ असते, रक्त कमी जातं आणि जखम चांगली भरते. कळांचा खरा जोर मात्र वर, पिशवीच्या माथ्याकडे. मॉन्टेव्हिडिओच्या आल्वारेस आणि काल्देइरो-बार्सिया यांनी १९५०च्या दशकात स्नायूच्या भिंतीत बारीक फुगे बसवून दाब मोजले, तेव्हा दिसलं की कळ वरून निघते, वर जास्त वेळ टिकते आणि खाली येता येता तिचा जोर ओसरतो. आपण उगमाचा अभ्यास मुखाशी उभं राहून करतो आहोत.

आणि ही फीत येते कोणाकडून? जगात १०० पैकी २१ बाळंतपणं सिझरने होतात. भारतात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४. उरलेल्या सुमारे तीन चतुर्थांश बायका, ज्यांची सुटका नॉर्मल झाली, त्यांचा स्नायू या वाटेने कधीच येत नाही. सिझर झालेल्यांतही काहींची तारीख आधीच ठरलेली, त्यांना कळा सुरूच झालेल्या नसतात. बाकीच्यांना कळा होत्या, पण काहीतरी अडलं म्हणूनच सिझर झालं. म्हणजे पूर्ण उघडलेल्या गर्भाशयमुखाशी, भरभरून कळा देऊन, विनाअडथळा बाळंत झालेल्या बाईचा स्नायू, जगात जो सर्वांत जास्त आढळतो, तो प्रयोगशाळेत सर्वांत दुर्मीळ आहे. बाळंतपणानंतर अचानक रक्तस्राव झालेल्या कितीतरी बायका याच गटातल्या असतात. या शास्त्राची मला वाटते ती खरी उणीव हीच.

छोट्या तुकड्याची ताकद काय असते हे पूर्वी एकदा दिसलेलं आहे. १९५८ मध्ये जमैकातल्या डिक्सन आणि रॉबर्टसन या डॉक्टरांनी वार जिथे रुजते तिथल्या भिंतीचे तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स त्यांना येऊन मिळाले. त्यांना दिसलं की सुरळीत गरोदरपणात या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्या आपला स्नायू टाकून देतात आणि रुंद, सैल होतात, तोंडापाशी पाचदहा पट. नळीची त्रिज्या नुसती दुप्पट झाली तरी वाहणारं द्रव १६ पट होतं, हे भौतिकशास्त्राचं गणित. तेव्हा हा फरक किती मोठा ते समजावं. आणि ज्या बायकांचा रक्तदाब गरोदरपणात धोकादायक चढला होता, त्यांच्यात या वाहिन्या भिंतीत खोलवर रुंद झालेल्याच नव्हत्या. प्रीएक्लॅम्प्सिया नावाच्या या आजाराविषयीचा आजचा बराचसा विचार तिथून निघाला. बदल होतो तो स्नायूच्या आतल्या एक तृतीयांशात. तुकडा तेवढा खोल गेला नाही तर नुसतं अस्तर हाती लागतं. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये लांब चिमट्याने असे तुकडे घेण्याच्या पद्धतीचा अनुभव मांडला. प्रत्येक तुकड्यात हवा तो भाग येतोच असं नाही, ही अडचण कायम राहिली. काही मिलिमीटरांचा हा खेळ आहे.

कमीत कमी इजा करून स्नायू मिळवण्याच्या सगळ्या प्रयत्नांचं मर्म या मिलिमीटरांतच आहे. गरोदर नसलेल्या बाईच्या पिशवीत दुर्बीण घालून भिंतीतून नमुना घेता येतो. बेल्जियममध्ये त्यासाठी बुचाच्या स्क्रूसारखी वळसेदार सुई वापरली गेली, ती फिरत फिरत आत जाते आणि स्नायूचा दंडगोल कापून आणते. दुर्बिणीची जाडी ३ ते ५ मिलिमीटर. पोटावर छेद नाही, टाका नाही.

बाळंतपणानंतरचा क्षण त्याहून विलक्षण. बाळ आत असताना पिशवीची भिंत ताणून सेंटिमीटरभराची किंवा त्याहून पातळ झालेली असते. तिथे सुई घालण्याचा विचारही नको. पण बाळ आणि वार बाहेर पडल्यावर तीच पिशवी आवळून बसते आणि भिंत ४ ते ५ सेंटिमीटर जाड होते. सुदृढ बाईच्या आयुष्यात ती इतकी जाड दुसऱ्या कशाने होत नाही. शिवाय गर्भाशयमुख नुकतंच १० सेंटिमीटर उघडलेलं असतं, वाट मोकळी असते. सोनोग्राफीचा पडदा समोर ठेवून त्या वाटेने जाड सुई नेली, तर २ सेंटिमीटरचा तुकडा घेऊनही मागे तेवढीच, किंवा जास्त, भिंत शिल्लक राहते. १४ नंबरची बायोप्सी सुई बाहेरून २.१ मिलिमीटर जाड असते. स्प्रिंगचा खटका डोळ्याचं पातं लवायच्या आत उडतो. आणि हा तुकडा असतो माथ्याकडचा, नॉर्मल बाळंत झालेल्या बाईचा. गेली कित्येक दशकं जो मिळत नव्हता, नेमका तोच.

याच सुईने, सिझरच्या वेळी पोट उघडं असताना, माथ्याकडचा नमुनाही नवा छेद न घेता काढता येतो. कात्रीने तिथली पट्टी कापली तर पुढच्या गरोदरपणात तो भाग कच्चा राहण्याची भीती. सुईचं भोक स्नायू स्वतः आवळून मिटवतो.

मग हे सर्रास का होत नाही? कारण ती बाई निरोगी आहे. तुकडा दिल्याने तिला काहीही मिळणार नाही. रक्त जास्त जाण्याची, जंतुसंसर्गाची, सुई भिंतीपार जाण्याची शक्यता कितीही लहान असली तरी ती तिच्या वाट्याची आहे, आणि बाळ शेजारी आहे. ‘आम्ही ५० जणींवर केलं, कोणालाच काही झालं नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण संख्याशास्त्रात एक तिनाचा नियम आहे: जितक्या जणींना काही झालं नाही त्या संख्येने ३ ला भागा, खरा धोका तिथवर असू शकतो. ५० मध्ये एकही अपघात नाही, याचा अर्थ धोका शंभरात सहाही असू शकेल. तो हजारात एकाहून कमी आहे हे छातीठोकपणे सांगायला ३,००० बायकांची, एकही अपघात न झालेली नोंद हवी. म्हणूनच मी घाईच्या बाजूचा नाही. पद्धत चांगली दिसते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. मोजली की ठरते.

तुकडा घ्यावाच लागू नये, अशीही एक दिशा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पोटाला आणि पाठीला इलेक्ट्रोडच्या पट्ट्या लावून, एमआरआयच्या नकाशावर कळांच्या विद्युतलहरी बसवल्या जातात. २०२३ मध्ये प्रत्यक्ष कळा देणाऱ्या १० बायकांच्या पूर्ण गर्भाशयाचे नकाशे त्यांनी प्रसिद्ध केले. सुई नाही, कात्री नाही. कळ कुठून उठली आणि कुठे गेली हे त्यातून दिसतं. पेशीच्या आत काय बदललं ते मात्र दिसत नाही. त्यासाठी दाणा लागतो.

आणि त्या एका दाण्यात काय काय असतं! वरच्या हिशेबाने ४ लाख पेशी. प्रत्येक पेशीत २ मीटर डीएनए. सगळा उलगडून टोकाला टोक जोडला तर ८०० किलोमीटर. मुंबई ते नागपूरचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो संपूनही धागा उरेल. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. त्या दाण्यातल्या १०,००० पेशी वेगवेगळ्या वाचल्या आणि प्रत्येकीत कोणतं जनुक किती बोलतं आहे ते लिहून काढलं, तर २० कोटी रकान्यांचा तक्ता होतो. अट एवढीच की तुकडा निघाल्यापासून काही मिनिटांत उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे, नाहीतर पेशीतले आदेश विरून जातात. प्रसूतीगृहाच्या कोपऱ्यात नायट्रोजनचं भांडं आणि रात्री दोन वाजता जागा असलेला एक माणूस, एवढ्यावर हे सगळं शास्त्र उभं असतं.

इतक्या लहान नमुन्यातून खाटेपर्यंत काही पोचतं का? एक उदाहरण मला फार आवडतं. २००४ मध्ये लिव्हरपूलच्या शिवॉन क्वेन्बी आणि सुझन रे यांनी सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या स्नायूतलंच थेंबभर रक्त तपासलं. ज्यांच्या कळा मंदावून बाळंतपण अडलं होतं त्यांच्यात ते जास्त आम्ल निघालं. धावून धावून मांडी भरून यावी तसा स्नायू थकला होता. मग स्वीडनमध्ये अशा अडलेल्या २०० बायकांवर चाचणी झाली: ऑक्सिटोसिन वाढवण्याआधी निम्म्या जणींना बायकार्बोनेट, आपल्या ओळखीचा खायचा सोडा, पाण्यातून दिला आणि तासभर थांबले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की त्यांच्यात नॉर्मल बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. चाचणी लहान आहे, आणि घरी कोणी हा प्रयोग करू नये. पण स्नायूतल्या एका थेंबापासून चौदा वर्षांत चमचाभर सोड्यापर्यंतचा हा रस्ता खरा आहे.

महाराष्ट्रात गर्भाशयाचे आकडे लिहिताना बीड टाळता येत नाही. २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारने सांगितलं की त्या जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यानंतरच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शंभरात सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात ३.३ आहे. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते, खाडा झाला की दंड बसतो, अंगावरून जातं, पोट दुखतं, मग कोणीतरी सांगतं की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचंही अनेकींनी सांगितलं. ज्या राज्यात अख्खा अवयव इतक्या तुटपुंज्या माहितीवर काढला गेला, तिथे २० मिलिग्रॅमसाठी कागदावर सही घेताना आपण किती नीट बोलायला हवं, हे मला सांगायचं आहे. तो कागद बाईच्या भाषेत हवा. ‘नाही’ म्हटलं तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे नर्सबाईंनी तोंडाने सांगायला हवं. तुकडा कुठे जाईल, किती वर्षं राहील, त्यातला डीएनए कोण वाचेल, हेही.

आणि हे सगळं कळा सुरू झाल्यावर विचारू नये. टेबलावर आडवी, घामाने भिजलेली बाई कशालाही मान हलवेल. सरकारी रुग्णालयांतले आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले जे डॉक्टर या स्नायूवर काम करतात किंवा करू पाहतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: सातव्या महिन्यात ती तपासणीला येते तेव्हा हा कागद तिच्या हातात ठेवा, घरी नेऊ द्या, आईला, नवऱ्याला, शेजारणीला वाचून दाखवू द्या, आणि नवव्या महिन्यात पुन्हा विचारा. दोन्ही वेळा हो आलं, तरच तो दाणा घ्या.